कागदावरून वेबसाइटपर्यंत: संस्थेच्या वेबसाइटचा ऑफलाइन प्रचार कसा करावा

पत्रकाच्या तळाशी, फोन नंबरच्या खाली, बारीक अक्षरांत वेबसाइटचा पत्ता. बहुतेक संस्थांचा ऑफलाइन प्रचार इथेच सुरू होतो आणि इथेच संपतो. पत्ता छापला की लोक येतील, असं धरून चाललेलं असतं. पण कागद हातात घेतलेल्या माणसाने मोबाइल काढायचा, पत्ता टाइप करायचा, पान उघडेपर्यंत थांबायचं, तर त्यासाठी त्याला काहीतरी कारण हवं. ते कागदावर नसेल तर पत्ता नुसता शोभेला उरतो.

दुसरी अडचण छपाईची आहे. ऑनलाइन जाहिरातीतली चूक दोन मिनिटांत दुरुस्त होते. हजारो पत्रकं वाटून झाल्यावर पत्त्यातली चूक सापडली, तर ती पत्रकं रद्दीत जाईपर्यंत चूकही गावभर फिरते. म्हणून कागदावर जे छापाल ते तुमच्या मालकीचं आणि कायम टिकणारं असू द्या. ते माणसाला ज्या पानावर नेतं ते पान मात्र तुम्हाला केव्हाही बदलता आलं पाहिजे. पुढच्या बहुतेक पायऱ्या याच व्यवस्थेसाठी आहेत.

आधी ठरवा: आलेल्याने करायचं काय?

‘वेबसाइटवर लोक यावेत’ हे उद्दिष्ट फार मोघम झालं. येऊन त्यांनी नाव नोंदवायचं, अर्ज भरायचा, देणगी द्यायची, तक्रार नोंदवायची, की नुसतं वेळापत्रक बघायचं? एका छापील वस्तूमागे एकच काम ठेवा. पत्रकावर तीन कामं सांगितली की वाचणारा बहुधा एकही करत नाही.

मग ते काम स्वतःच्या मोबाइलवर, ऑफिसचं वायफाय बंद करून, एकदा पूर्ण करून बघा. फॉर्म अडतो का? पान उघडायला किती वेळ लागतो? मागच्या वर्षीच्या कार्यक्रमाची सूचना अजून वर झळकतेय का? अनेक संस्था वेबसाइट ओस पडलेली असताना आधी पत्रकं छापायला टाकतात, आणि आडात नाही ते पोहऱ्यात येईल अशी वाट बघत बसतात. पान तयार नसेल तर छपाई पुढे ढकला. यात तडजोड नको.

पत्ता असा हवा की ऐकून टाइप करता यावा

ऑफलाइन प्रचारात पत्ता डोळ्यांनी वाचला जातो तितकाच कानांनी ऐकला जातो. फोनवर, सभेत, रेडिओवर. म्हणून एक साधी चाचणी करा. तुमच्या कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला फोन करा, वेबसाइटचं नाव एकदाच सांगा आणि तिला ते मोबाइलवर टाइप करायला सांगा. स्पेलिंग न विचारता ती बरोबर पोचली तर पत्ता उत्तम. चार-पाच जणांवर ही चाचणी केली की कुठे अडतं ते लगेच कळतं.

मराठी नावं असलेल्या संस्थांना इथे वेगळाच ताप होतो. नाव कानाला स्वच्छ कळतं, पण रोमन लिपीत ते कसं लिहायचं याचे चार पर्याय असतात. ‘ज्ञ’ लिहायला कोणी जे-एन वापरतो, कोणी डी-एन-वाय, कोणी जी-वाय. दीर्घ ‘ई’साठी एक आय की दोन ई? शेवटचा ‘अ’ लिहायचा की सोडायचा? नाव बदलणं शक्य नसेल तर सर्वांत जास्त होणारी दोन-तीन चुकीच्या स्पेलिंगचे पत्तेही संस्थेच्या नावावर नोंदवून ठेवा आणि ते मूळ वेबसाइटकडे वळवा. वर्षाचा जो थोडा खर्च येतो तो सार्थकी लागतो.

नावात हायफन आणि अंक टाळा. हायफन असेल तर बोलताना ‘मध्ये आडवी रेघ’ असं सांगत बसावं लागतं. अंक ‘दोन’ असेल तर तो आकड्यात लिहायचा की अक्षरांत, हा प्रश्न राहतोच. सुरुवातीचे तीन डब्ल्यू छापायचीही गरज नाही आणि उच्चारायची तर मुळीच नाही. त्याशिवायही पान उघडेल अशी सोय मात्र करून घ्या.

छापताना फाँटकडे लक्ष द्या. काही फाँटमध्ये लहान एल, मोठा आय आणि एक हा आकडा सारखेच दिसतात. शून्य आणि ओ यांचंही तेच. आणखी एक घात नेहमी होतो: डिझायनर पत्ता दोन ओळींत तोडतो आणि सॉफ्टवेअर मध्ये आपोआप हायफन टाकतं. वाचणारा तो हायफन पत्त्याचा भाग समजतो. पत्ता नेहमी एका ओळीत मावला पाहिजे.

प्रत्येक वस्तूला स्वतःची वाट द्या

ही पायरी थोडी तांत्रिक आहे, पण वगळू नका. सगळीकडे नुसता मुखपृष्ठाचा पत्ता छापला तर दोन तोटे होतात. माणूस मुखपृष्ठावर येऊन हवी ती गोष्ट शोधत बसतो. आणि कोण पत्रकामुळे आलं, कोण पोस्टरमुळे, हे तुम्हाला कधीच कळत नाही.

उपाय असा: आपल्याच डोमेनखाली, म्हणजे वेबसाइटच्या मूळ पत्त्याखाली, छोट्या वाटा तयार करा. ‘तुमचं नाव डॉट ऑर्ग स्लॅश प्रवेश’ पत्रकासाठी, ‘स्लॅश भेट’ व्हिजिटिंग कार्डासाठी, ‘स्लॅश सभा’ कार्यक्रमाच्या फलकासाठी. या वाटांवर स्वतंत्र पानं नसतात. त्या माणसाला पुढे योग्य पानाकडे नेतात. यालाच रीडायरेक्ट म्हणतात. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत त्यासाठी तयार प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर मिळतात, नाहीतर वेबसाइट सांभाळणारा माणूस हे काम पटकन करून देतो.

त्याला सांगताना एक तपशील विसरू नका: रीडायरेक्ट ‘३०२’ प्रकारचा, म्हणजे तात्पुरता हवा, ‘३०१’ प्रकारचा, म्हणजे कायमचा नको. कायमचा असेल तर ब्राउझर तो लक्षात ठेवतात, आणि उद्या तुम्ही वाट दुसरीकडे वळवली तरी जुन्या लोकांना जुन्याच पानावर नेत राहतात.

याच रीडायरेक्टच्या पोटात यूटीएम टॅग, म्हणजे भेट कुठून आली हे विश्लेषण सॉफ्टवेअरला सांगणाऱ्या खुणा, जोडा. यूटीएममधला यू हा अर्चिन या जुन्या विश्लेषण सॉफ्टवेअरचा. गूगलने ती कंपनी २००५ मध्ये विकत घेतली आणि टॅगची पद्धत तशीच चालू राहिली. टॅगमधल्या सोर्स या रकान्यात वस्तूचं नाव, मीडियममध्ये ‘छापील’, कॅम्पेनमध्ये मोहिमेचं नाव, एवढं पुरतं. ही मूल्यं रोमनमध्ये लिहिताना लहान-मोठ्या अक्षरांत फरक पडतो, म्हणून सगळं लहान अक्षरांतच लिहायचं असा नियम ठेवा. हे लांबलचक शेपूट कागदावर येत नाही. कागदावर फक्त छोटी वाट दिसते.

वाटेचं नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि एकाच शब्दाचं ठेवा. देवनागरीतली वाट ब्राउझरमध्ये छान दिसते, पण ती कॉपी केली की एकेका देवनागरी चिन्हाची टक्क्याच्या खुणांसकट नऊ अक्षरं होतात. ती छापायलाही जड जाते आणि क्यूआर कोडही उगाच दाट होतो. अनेक सर्व्हरवर वाटेतल्या मोठ्या-लहान अक्षरांत फरक मानला जातो, म्हणून दोन्ही प्रकारे उघडेल याची खात्री करा.

लिंक लहान करून देणाऱ्या बाहेरच्या सेवा वापरायचा मोह होतो, कारण त्या फुकट असतात. छापील कामासाठी माझा त्यांना विरोध आहे. गूगलने स्वतःची अशी सेवा २०१९ मध्ये नव्या लिंकसाठी बंद केली. जुन्या लिंकही ऑगस्ट २०२५ नंतर चालणार नाहीत असं २०२४ मध्ये जाहीर केलं, आणि शेवटच्या महिन्यात ‘वापरात असलेल्या लिंक राहतील’ असा बदल केला. एवढ्या मोठ्या कंपनीच्या लिंकचं हे झालं. तुमच्या पत्रकाचं भवितव्य दुसऱ्याच्या निर्णयावर कशाला टांगून ठेवायचं?

क्यूआर कोड: लहान मजकूर, मोठा आकार

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने वाहनांच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तयार केला. कारखान्यात कोड मळणार, ओरखडणार, हे धरूनच त्यात दुरुस्तीची सोय ठेवली आहे. या दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात: एल, एम, क्यू आणि एच. कोडचा साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. घरात किंवा ऑफिसात राहणाऱ्या कागदासाठी एम पुरते. उन्हा-पावसातल्या फलकासाठी, किंवा मध्ये बोधचिन्ह बसवायचं असेल तर क्यू किंवा एच घ्या.

पातळी वाढवली की कोड दाट होतो आणि मजकूर लांबला तरी दाट होतो. एम पातळीवर २५ अक्षरांचा पत्ता २५ बाय २५ चौकटींच्या कोडमध्ये मावतो. यूटीएमच्या शेपटासकट १२० अक्षरांचा पत्ता घातला तर ४५ बाय ४५ चौकटी लागतात. दोन्ही कोड दोन सेंटिमीटर रुंद छापले तर पहिल्यात प्रत्येक चौकट ०.८ मिलिमीटरची होते, दुसऱ्यात अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. जुना मोबाइल आणि मंद उजेड असेल तर एवढा फरक निर्णायक ठरतो. आधीच्या पायरीत छोटी वाट करून घेतली आहे, ती इथे कामाला येते.

आकाराचा ढोबळ हिशोब सोपा आहे: ज्या अंतरावरून स्कॅन होणार त्याच्या एक दशांश रुंदी. हातातल्या पत्रकावर किमान दोन सेंटिमीटर, दोन मीटरवरून बघायच्या पोस्टरवर वीस सेंटिमीटर. हाच हिशोब सभागृहाला लावला की शेवटची रांग पंधरा मीटरवर असेल तर पडद्यावरचा कोड दीड मीटर रुंद हवा. तो बहुधा मावत नाही, म्हणून तिथे खुर्चीवर चिठ्ठी ठेवणं जास्त उपयोगी पडतं.

कोडभोवती चारही बाजूंना चार चौकटींएवढी कोरी जागा सोडायची असते. डिझायनर हीच जागा पहिली खातात. गडद रंग पांढऱ्या किंवा फिक्या पार्श्वभूमीवर ठेवा. उलटा, म्हणजे काळ्यावर पांढरा कोड काही मोबाइलवर वाचला जात नाही. फाइल व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे एसव्हीजी किंवा पीडीएफमध्ये द्या. चॅटवरून पाठवलेला जेपीजी मोठा केला की कडा धुरकट होतात.

स्थिर आणि डायनॅमिक असे कोडचे दोन प्रकार विकले जातात. स्थिर कोडात पत्ता थेट असतो. डायनॅमिक कोडात विकणाऱ्या कंपनीचा दुवा असतो, आणि तो तुमच्या पत्त्याकडे वळवलेला असतो. वर्गणी थांबली की कोडही थांबू शकतो. तुमच्याच डोमेनवर रीडायरेक्ट आहे म्हटल्यावर साधा, फुकट, स्थिर कोडच डायनॅमिकचं काम करतो. हे विक्रेते सांगत नाहीत.

कोडखाली पत्ता अक्षरांतही छापा. आयफोनचा कॅमेरा २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून स्वतःच क्यूआर वाचतो, बऱ्याच अँड्रॉइड फोनचाही वाचतो, तरी प्रत्येकाला ते माहीत असेलच असं नाही. काही जण अनोळखी कोड मुद्दाम स्कॅन करत नाहीत, आणि ते बरोबरच करतात.

कोडपेक्षा शेजारची ओळ महत्त्वाची

‘अधिक माहितीसाठी स्कॅन करा’ ही ओळ मी बघितलेली सर्वांत निरुपयोगी ओळ असावी. कसली माहिती? किती? आणि मला का हवी? वाचणाऱ्याला पलीकडे काय मिळेल ते नेमकं सांगा: ‘या महिन्याचं वेळापत्रक’, ‘अर्जासोबत लागणाऱ्या कागदपत्रांची यादी’, ‘जागा शिल्लक आहेत का ते बघा’. कागदावर न मावणारी किंवा सतत बदलणारी गोष्ट वेबसाइटवर ठेवली की तिथे जायला खरंखुरं कारण मिळतं. सगळंच कागदावर छापून टाकलं तर वेबसाइटवर जायचं कशाला?

एक युक्ती मला आवडते. पत्रकात एक उपयोगी यादी अर्धी द्यायची आणि उरलेली वेबसाइटवर. पण अर्धा भाग स्वतःपुरता कामाचा हवा. नुसतं ताटकळत ठेवलं तर वाचणारा चिडतो आणि त्याचं बरोबर असतं.

पोचल्यावर जे पान दिसेल त्यावर तेच शब्द हवेत जे कागदावर होते. पत्रकावर ‘जागा शिल्लक आहेत का ते बघा’ आणि पान उघडल्यावर ‘आमची उज्ज्वल परंपरा’, हे झालं की माणूस मागे फिरतो. पान मोबाइलसाठीच बनवा, कारण स्कॅन करणारा मोबाइलवरच असणार. वर एक वाक्य, एक बटण, फॉर्ममध्ये शक्य तितके कमी रकाने. उघडताच वर्तमानपत्राएवढी खिडकी ‘सूचना पाठवू का?’ विचारत असेल तर ती काढून टाका.

गर्दीचाही विचार करा. फेब्रुवारी २०२२ मध्ये कॉइनबेस या क्रिप्टो चलनाच्या व्यवहारांतल्या कंपनीने अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल या अंतिम सामन्याच्या वेळी टीव्हीवर मिनिटभर फक्त एक सरकता क्यूआर कोड दाखवला. इतके लोक एकदम आले की त्यांची सेवा काही काळ कोलमडली. तुमची गर्दी एवढी नसेल, पण भरल्या सभागृहात एकाच वेळी सगळ्यांना स्कॅन करायला सांगणार असाल तर होस्टिंगवाल्याशी, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर वेबसाइट ठेवली आहे त्याच्याशी, आधी बोलून घ्या.

छापखान्यात जाताना

फोटो छापील आकाराला ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) हवेत, रंग सीएमवायके या छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत, आणि कागदाच्या कडेला जाणारा रंग असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जास्तीचा रंग. दूरून बघायच्या मोठ्या फ्लेक्सला कमी डीपीआयही चालतं. लांबून वाचायच्या अक्षरांसाठी तीन मीटर अंतराला साधारण २५ मिलिमीटर उंची हा फलक बनवणाऱ्यांचा ढोबळ नियम आहे.

ऑर्डर पक्की करण्याआधी प्रूफ, म्हणजे नमुना प्रत, काढून घ्या, आणि पडद्यावरच्या पीडीएफवर भागवू नका. खऱ्या कागदावरच्या प्रूफवर पुढच्या गोष्टी तपासा:

- तुमच्याकडच्या सर्वांत जुन्या मोबाइलने, संध्याकाळच्या उजेडात कोड वाचता येतो का;
- चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप पडली की काय होतं (मॅट फिनिश बहुधा बरं);
- घडी घातली तर घडीची रेघ कोडवरून जाते का;
- पत्ता बघून हाताने टाइप केल्यावर बरोबर पान उघडतं का.

शेवटची तपासणी मजकूर लिहिणाऱ्याने करू नये. त्याला पत्ता पाठ असतो, त्यामुळे चूक दिसत नाही.

कुठे लावायचं, कुठे नाही

जागा निवडताना तीन प्रश्न विचारा. इथे माणूस थांबलेला आहे का? त्याचा हात मोकळा आहे का? इथे नेटवर्क मिळतं का? प्रतीक्षाकक्ष, रांग, वाहनाच्या आतली जागा, ग्रंथालयाचा सूचनाफलक या चांगल्या जागा, कारण माणूस तिथे वाट बघत असतो. तळघरातली पार्किंगची जागा बहुधा वाया जाते. रस्त्याकडेच्या होर्डिंगवर किंवा धावत्या गाडीच्या मागे क्यूआर कोड लावणं तर निव्वळ अविचार. गाडी चालवणाऱ्याने मोबाइल काढावा असं आपल्याला वाटतं का? तिथे फक्त संस्थेचं नाव आणि छोटा पत्ता, मोठ्या अक्षरांत.

खास प्रचारासाठी वेगळं काही छापण्याआधी संस्थेतून रोज बाहेर जाणारे कागद मोजा. पावत्या, लेटरहेड, पाकिटं, बिलं, ओळखपत्रं, प्रमाणपत्रं, पार्सलची वेष्टनं. हे तसेही छापले जातात, आणि ते घेणारा माणूस तुम्हाला आधीच ओळखतो. पावतीवर ‘पुढच्या वेळी रांग टाळा, इथे आधी नोंदणी करा’ अशी ओळ आणि वाट दिली, तर माझ्या मते ती अनोळखी लोकांना वाटलेल्या पत्रकांच्या ढिगापेक्षा जास्त काम करेल. व्हिजिटिंग कार्डाची मागची बाजूही बहुधा कोरीच पडलेली असते.

भेटवस्तूंबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. नाव छापलेल्या पेनवरचा पत्ता कोणी वाचत नाही. भिंतीवर वर्षभर राहणारं कॅलेंडर किंवा पुस्तकात राहणारी खूणपट्टी डोळ्यांसमोर तरी येते. द्यायचंच असेल तर वेबसाइटवर करायच्या कामाशी नातं असलेली वस्तू द्या.

पोस्टर लावताना जागेच्या मालकाची परवानगी घ्या, कोपऱ्यात लावल्याची तारीख बारीक लिहा, आणि मुदत संपली की स्वतः काढा. भिंतीवर लोंबणारं मागच्या मोसमाचं पोस्टर संस्थेबद्दल जे सांगतं, ते कुठलीच वेबसाइट पुसू शकत नाही.

वर्तमानपत्राला बातमी पाठवताना छापील आवृत्तीत लिंक दाबता येत नाही हे लक्षात ठेवा. बातमीसाठी स्वतंत्र छोटी वाट द्या आणि ती पहिल्या दोन परिच्छेदांत येईल असं लिहा. जागा कमी पडली की संपादक खालून कापतो. रेडिओवर किंवा सभेतल्या घोषणेत पत्ता दोनदा, दुसऱ्यांदा सावकाश. ऐकणाऱ्याकडे लिहायला काही नसतं, त्यामुळे तो बहुधा नंतर संस्थेचं नाव सर्च करेल. तेव्हा नाव सर्च केल्यावर तुम्हीच वर दिसता का, तेही बघून ठेवा.

हाताला चिकाटी असेल तर एनएफसी टॅगही करून बघा. काउंटरवर मोबाइल टेकवला की पान उघडतं. पण ते काही सेंटिमीटर अंतरावरूनच चालतं आणि प्रत्येक मोबाइलमध्ये नसतं, म्हणून क्यूआरच्या जोडीला ठीक, त्याऐवजी नको.

काउंटरवरची आणि फोनवरची माणसं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित माध्यम हेच. फोन उचलणारा ‘सगळं वेबसाइटवर आहे, बघा’ असं म्हणतो तेव्हा समोरच्याला ते कटवण्यासारखं वाटतं. तेच ‘अर्ज आणि तारखा स्लॅश प्रवेशवर आहेत, मी आत्ता तुम्हाला लिंक मेसेज करते’ असं म्हटलं की ती मदत होते. काउंटरवरच्या माणसांना अशी चार-पाच वाक्यं लिहून द्या. कुठल्या प्रश्नाला कुठली वाट, याचा एक कागद फोनशेजारी चिकटवा.

त्याआधी त्यांनाच वेबसाइट वापरायला लावा. ज्यांनी ती कधी उघडलीच नाही ते लोकांना तिथे पाठवणार नाहीत, आणि का पाठवत नाहीत हे विचारलं तर वेबसाइटमधल्या खऱ्या अडचणी त्यांच्याकडूनच कळतील.

कार्यक्रमात व्याख्यान असेल तर पत्ता प्रत्येक स्लाइडच्या तळाशी ठेवा. शेवटची स्लाइड येते तेव्हा अर्धे लोक उठलेले असतात. टेबलावर नोंदवही ठेवून फोन नंबर घेत असाल तर ते कशासाठी वापरणार हे वहीच्या माथ्यावर लिहा, आणि संमतीशिवाय मेसेज पाठवू नका.

मोजायचं कसं

मोहीम सुरू होण्याआधीच्या चार आठवड्यांचे आकडे लिहून ठेवा. ते नसतील तर नंतरची वाढ कशाशी तोलणार?

मग तीन ठिकाणी बघा. छोट्या वाटांवरच्या यूटीएम टॅगमधून थेट कळणाऱ्या भेटी ही पहिली जागा. विश्लेषण सॉफ्टवेअर ज्यांना ‘डायरेक्ट’ म्हणतं त्या भेटी ही दुसरी, कारण मुखपृष्ठाचा पत्ता हाताने टाइप करणारे त्यात जातात. तिसरी म्हणजे सर्च कन्सोल या वेबसाइट-मालकांसाठीच्या गूगलच्या साधनात दिसणारे, संस्थेच्या नावाने झालेले शोध. पत्रक बघून घरी गेल्यावर नाव शोधणारे इथे सापडतात. या साधनात १६ महिन्यांची माहिती राहते, म्हणून मागच्या वर्षीच्या त्याच काळाशी तुलना करता येते.

आलेल्या लोकांना ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हेही विचारा, पण उत्तरावर आंधळा विश्वास नको. पोस्टर बघून सर्च केलेला माणूस बहुतेक वेळा ‘इंटरनेटवरून’ असंच सांगतो. ‘त्याआधी आमचं नाव कुठे पाहिलं होतं?’ असा दुसरा प्रश्न जोडला की उत्तर सुधारतं.

वाटलेल्या प्रती आणि झालेली कामं यांचं प्रमाण काढा. नुसत्या भेटी मोजून भागत नाही. आणि छोट्या आकड्यांवरून मोठे निर्णय घेऊ नका. पाचशे पत्रकांच्या एका नमुन्यातून सहा जण आले, दुसऱ्यातून नऊ, तर दुसरं चांगलं असं सिद्ध होत नाही. तो योगायोग असू शकतो. सहा आणि साठ असा फरक दिसला तर मात्र पहिलं पत्रक सरळ बंद करा.

हे सगळं जमत असेल तर एका भागात पत्रकं वाटा, तशाच दुसऱ्या भागात वाटू नका, आणि दोन्हीकडून येणाऱ्या नोंदी महिनाभर बघा. टॅगमध्ये न सापडणारा परिणामही यात दिसतो.

छापून झाल्यावरची राखण

२०१५ मध्ये जर्मनीतल्या एका ग्राहकाने हाइन्झ कंपनीच्या केचपच्या बाटलीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा अश्लील वेबसाइट उघडली. कोड एका जुन्या स्पर्धेसाठी घेतलेल्या डोमेनचा होता. स्पर्धा संपली, डोमेनचं नूतनीकरण झालं नाही, ते दुसऱ्याने घेतलं, आणि बाटल्या अजून बाजारात होत्या. कंपनीला माफी मागावी लागली. म्हणून एखाद्या मोहिमेसाठी वेगळं डोमेन घेऊ नका, मुख्य डोमेनखालची वाटच वापरा. मुख्य डोमेन जास्तीत जास्त वर्षांसाठी नोंदवा. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या डोमेनना एका वेळी १० वर्षांपर्यंतची मुदत मिळते. नूतनीकरणाच्या सूचना संस्थेच्या ईमेलवर येऊ द्या. एखाद्या कर्मचाऱ्याच्या खासगी ईमेलवर येत असतील तर तो नोकरी सोडतो आणि सूचना त्याच्याबरोबर जातात. वेबसाइटशी जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या एचटीटीपीएसच्या प्रमाणपत्राचंही तेच: ते संपलं की पत्रकावरून आलेल्या माणसाला मोबाइल थेट धोक्याची सूचना दाखवतो.

सार्वजनिक जागेतल्या कोडवर दुसराच स्टिकर चिकटवून फसवणूक करण्याचे प्रकार होतात. अमेरिकेच्या एफबीआयने जानेवारी २०२२ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तुमच्या फलकांवरून अधूनमधून बोट फिरवा, वर काही चिकटवलेलं आहे का बघा, आणि कोडही स्कॅन करा. कोडखाली छापलेला पत्ता इथेही उपयोगी पडतो: उघडलेलं पान त्याच डोमेनचं नसेल तर सावध माणसाच्या लक्षात येतं. देणगी किंवा पैसे घेणारं पान असेल तर ही तपासणी दर आठवड्याला करा.

शेवटी एक तक्ता ठेवा. वाट, ती कुठल्या वस्तूवर छापली, किती प्रती, कुठे वाटल्या, कधी, आणि सध्या कुठल्या पानाकडे नेते. मोहीम संपली तरी वाट काढून टाकू नका. ती त्या विषयाच्या चालू पानाकडे वळवा, आणि असं पानच उरलं नसेल तर ‘हा कार्यक्रम झाला, पुढचा कधी ते इथे बघा’ असं सांगणाऱ्या पानाकडे. एकदा वापरलेलं वाटेचं नाव वेगळ्याच विषयासाठी पुन्हा वापरू नका, कारण जुनं पत्रक अजून कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये असतं. दर तीन महिन्यांनी कोणीतरी तक्त्यातली प्रत्येक वाट मोबाइलवर उघडून बघायची, आणि ते काम कोणाचं हेही त्याच तक्त्यात नावानिशी लिहून ठेवायचं.